दोन मजल्यांच्या मधली भिंत

मी दिवसाला साठ फोटो काढते आणि त्यातला एकही कुणी भिंतीवर लावत नाही. हे मी एकदा आमच्या ह्यांच्या फोटो मंडळात सांगितलं तर सगळे मनापासून हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मी एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढते. "श्वास आत घ्या, धरून ठेवा, सोडा," हे सत्तावीस वर्षं म्हणत आलेय. माझा फोटो चांगला की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरतं, तो बघून डॉक्टरांना हाड कुठे मोडलंय ते कळलं पाहिजे. त्यात माझी शैली आणि माझी नजर दिसायला लागली तर मला कामावरून काढतील, आणि बरोबरच करतील.

मंडळात मात्र नजरेशिवाय दुसरी बात नव्हती. बेचाळीस सभासद. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचे. मुलांच्या बाकांवर ही पन्नाशी-साठीची माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची आणि मौलिकतेवर बोलायची. प्रत्येकाच्या अंगात तेच ते अठरा खिशांचं जाकीट. एका खिशात लेन्स, दुसऱ्यात ती पुसायचं फडकं, उरलेल्या सोळांत काय असतं ते देव जाणे. ह्यांच्या एका खिशात मला खोकल्याची गोळी सापडली होती. ती कागदासकट खिशाला चिकटली होती आणि जाकीट धुतलं तरी निघाली नाही.

"दुसऱ्याचं बघून काढू नका, स्वतःच्या आनंदासाठी काढा," असं प्रत्येक सभेत कुणी ना कुणी उठून सांगायचं. बाकीचे माना डोलवायचे. मग सगळे मिळून पहाटे एकाच टेकडीवर जायचे, एका रांगेत बेचाळीस तिकाटणी उभी करायचे आणि एकाच सूर्याचे बेचाळीस फोटो घेऊन यायचे. डबक्यातलं प्रतिबिंब आणि वरून दिसणारा गोल जिना झाला की विषय संपले. उरले ते घड्याळवाले आजोबा.

हे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानाला उत्तरेकडे एक खिडकी होती आणि त्यांच्या तोंडावर सुरकुत्यांची काही कमतरता नव्हती. एवढ्या भांडवलावर मंडळाचं निम्मं काम चालायचं. आजोबा भलतेच तयार झाले होते. कॅमेरा दिसला की डोळ्याला भिंग लावायचे आणि विचारायचे, "कोणता देऊ? खिन्न की मिस्कील?" फोटोसाठी त्यांनी एक चुरगळलेला सदरा वेगळा ठेवला होता. त्यांच्या तोंडाला दहा वर्षांत अकरा बक्षिसं मिळाली, सगळी दुसऱ्यांच्या नावावर.

आणि या सगळ्यांवर दातवाले डॉक्टर. हे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांचे दात एका ओळीत आणले, त्यामुळे वाकडं काही त्यांना बघवत नाही. वार्षिक प्रदर्शनाच्या महिनाभर आधी मंडळाची दुरुस्ती-सभा भरायची. प्रत्येकाने आपला फोटो छापून आणायचा आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा. त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते. ते फोटोवर ठेवायचे आणि इकडून तिकडून सरकवायचे. "हे नको. हेही नको. हा हात कशाला मध्ये आलाय? आता बघा." जे उरायचं ते अगदी शेजारच्या फोटोसारखं दिसायचं. सभासद कृतकृत्य होऊन घरी जायचा आणि कात्री लावायचा.

आमचे हे लिफ्ट तपासणारे सरकारी अधिकारी. मंडळात त्यांना लिफ्टसाहेब म्हणायचे. चौदा वर्षं सभासद, आणि चौदा वर्षांची कमाई म्हणजे नियमित हजेरीचं एक प्रशस्तिपत्रक. तेही एका वर्षी दोघांत विभागून. मी त्यांना सोडायची नाही. "अहो, आजोबांचा नवा फोटो कशाला काढता? गेल्या वर्षीचाच द्या, त्यांच्या सुरकुत्या काय कमी झाल्यात थोड्याच." हे नुसते हसायचे आणि बॅटरी चार्ज करायला लावायचे. ह्यांना नजर नाही असं मला खरंच वाटत होतं. माणूस भला आहे, कामात चोख आहे, एक हौस आहे, आणि ती हौस त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. इतकं सगळं मी ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी मंडळ सूर्याला पकडायला टेकडीवर गेलं होतं आणि मी घरी कपडे धुण्याच्या यंत्राची पावती शोधत होते. यंत्र बंद पडलं होतं आणि पावती संगणकात होती. ह्यांनी ती कुठल्या नावाने ठेवली होती ते त्यांनाच माहीत. 'घर' मध्ये नाही, 'बिलं' मध्ये नाही. 'काम – इतर' असं लिहिलेलं एक फोल्डर होतं, म्हटलं यात टाकली असेल. उघडलं तर चारशेबारा फोटो.

ते कशाचे आहेत हे कळायला मला जरा वेळ लागला. तपासणीला गेलं की हे लिफ्टमध्ये बसत नाहीत, लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभे राहतात. डबा हळूहळू वर न्यायचा, टॉर्चच्या उजेडात दोर, रूळ, प्रत्येक मजल्याच्या दाराचं कुलूप बघायचं, असं ते काम. तेव्हा समोरून दोन मजल्यांच्या मधली भिंत सरकत जाते. ती भिंत कुणी बघत नाही. लिफ्टमधली माणसं आकडे बघतात आणि बाहेरची दाराकडे डोळे लावून उभी असतात. ती भिंत बघतात बांधणारे गवंडी, लिफ्ट बसवणारे कामगार आणि आमचे हे. तिला रंग नसतो, बऱ्याचदा गिलावाही नसतो. आणि तिच्यावर माणसांनी लिहून ठेवलेलं असतं.

एका ठिकाणी खिळ्याने कोरलं होतं, 'उद्या सुट्टी'. एका ठिकाणी कोळशाने लांब वेणीची बाई काढली होती आणि तिचा चेहरा तीनदा पुसून परत काढला होता. फुली-गोळ्याचा एक डाव होता, तो फुलीने जिंकला होता आणि खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चीटिंग'. ओल्या सिमेंटमध्ये उमटलेला एक पंजा होता, त्याला चारच बोटं. एक कोंबडी होती. एका भिंतीवर 'आईचं पत्र आलं, बरी आहे' आणि त्याच्या बरोबर एक मजला वर, त्याच अक्षरात, 'गेली'. एका फोटोत पेन्सिलने लिहिलं होतं, 'मुलगी झाली', आणि खाली तारीख, एकोणतीस वर्षांपूर्वीची.

फोटो सरळ समोरून काढलेले. उजेड एका बाजूने, म्हणजे कोरलेलं नीट दिसावं. कडेला ग्रीस लागलेला दोर तसाच ठेवलेला, भिंत कुठली आहे ते कळावं म्हणून. कसली शैली नाही की काही नाही. मी पावती विसरले. बारा वाजेपर्यंत मी एकेक फोटो बघत बसले होते आणि मध्ये दोनदा डोळे पुसले. मला अभिमान वाटला, तो आधी. मग राग आला. तारखांवरून दिसत होतं, अकरा वर्षं हा माणूस हे काढत होता आणि मला त्याच्यावर हसू देत होता.

हे आले, जाकीट काढून खुंटीला लावलं, आणि संगणकावर काय उघडलंय ते बघून दारातच थांबले.

"अगं, ते कामाचे आहेत."

"कामाचे फोटो कुलपांचे असतात. ही कोंबडी आहे."

"ते मी माझ्यासाठी काढतो."

"मग मंडळात ते आजोबा कशाला नेता?"

"मंडळात मंडळाचे नेतो," ते म्हणाले. "चार माणसं भेटतात, टेकडीवर फिरणं होतं. हे वेगळं."

"हे दाखवत का नाही कुणाला?"

ते खुर्ची ओढून बसले. आमचे हे फारसं बोलत नाहीत, त्यामुळे बोलले की माझ्या लक्षात राहतं. "दाखवलं की लोक सांगायला लागतात. इकडून कापा, तिकडून कापा. आणि ज्याने लिहिलंय त्याने कुणी बघावं म्हणून लिहिलेलं नसतं. म्हणून तर ते वाचायला बरं वाटतं. मी छतावर उभा असतो, डबा हळूहळू चाललेला असतो, पुढच्या चार फुटांत काय निघेल ते माहीत नसतं. पंधरा दिवसांनी एखादं सापडलं तरी मला पुरतं. एवढी एक गोष्ट माझी आहे, ती माझ्याकडेच राहू दे."

"बरं," मी म्हटलं. मी बरं म्हणते तेव्हा पुढे बरं काही होत नाही, हे ह्यांना तीस वर्षांत कळायला हवं होतं.

कारण मला ते पटलंच नव्हतं. आमच्याकडे जो फोटो कुणी वाचत नाही तो वाया गेला असं धरतात. पेशंटच्या अंगावर उगाच किरण सोडले म्हणून लेखी उत्तर द्यावं लागतं. फोटो काढायचा तो दुसऱ्याला दाखवायला, त्याने काहीतरी सांगायला. आपणच काढायचा आणि आपणच बघायचा, हे मला जेवताना स्वतःशीच गप्पा मारण्यासारखं वाटत होतं.

तरी मी गप्प बसलेही असते. पण पुढच्याच महिन्यात दुरुस्ती-सभा आली, आणि त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून घरच्यांनाही चहाला बोलवायची कल्पना निघाली. मी मागच्या बाकावर बिस्किट खात बसले होते. ह्यांचा नंबर आला. अर्थातच आजोबा, खिन्न. डॉक्टरांनी काळे काटकोन ठेवले, सरकवले, परत सरकवले आणि शेवटी उचलून बाजूला ठेवले.

"लिफ्टसाहेब, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमचं तंत्र नीट आहे. पण यात कापण्यासारखंही काही नाही. यात तुमचं स्वतःचं काय? गेल्या वर्षीचा पहिला नंबर डिट्टो हाच होता."

होताच. आणि तो खुद्द डॉक्टरांचा होता. तीच खिडकी, तोच सदरा, तोच खिन्न. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्गात हशा पिकला आणि कुणीतरी म्हणालं, "साहेब, लिफ्ट तळमजल्यालाच अडकली वाटतं." आमचे हेही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मी त्यांची टिंगल करते ती माझ्या नवऱ्याची करते. या उंटावरच्या शहाण्यांना तो हक्क कुणी दिला?

सोमवारी मी त्या चारशेबारांतले पाच फोटो घेतले आणि दवाखान्यातून येताना छापून आणले. प्रवेशपत्रिका भरली. खाली 'स्पर्धकाची सही' असं होतं. तीस वर्षं ह्यांच्या नावाने येणारी पार्सलं मीच घेतेय, त्यांची सही मला त्यांच्यापेक्षा झोकदार येते. केली. मंडळाच्या नियमाप्रमाणे निकालापर्यंत नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे कुणाला काही कळण्याचा प्रश्न नव्हता. हे त्यांच्या आजोबांना घेऊन गेले. मी आधीच जाऊन आले होते.

प्रदर्शनाला परीक्षक बाहेरून बोलावतात. त्या वर्षी एक किडकिडीत बाई आल्या होत्या. खांद्याची पिशवीही न उतरवता त्या सगळ्या सूर्यांपुढून आणि आजोबांपुढून चालत गेल्या. डॉक्टर त्यांच्या मागे मागे माहिती देत होते. त्या पाच फोटोंपुढे मात्र थांबल्या. इतका वेळ थांबल्या की डॉक्टरांची माहिती संपली. 'आईचं पत्र आलं' वरून नजर 'गेली' वर नेली, परत खाली आणली. मग म्हणाल्या, "ज्याने हे काढलेत त्याला मंडळाची काय गरज आहे, मला कळत नाही."

पहिला नंबर. पट्टी सोलली, खाली ह्यांचं नाव. माझी छाती अशी फुलली की ब्लाउजची शिवण उसवते की काय असं वाटलं. मी डॉक्टरांकडे बघितलं, त्या लिफ्ट अडकल्याचा विनोद करणाऱ्याकडे बघितलं, प्रत्येकाचं तोंड मी सावकाश बघून घेतलं. सगळ्यांत शेवटी ह्यांच्याकडे. हातात कागदी पेला धरून ते उभे होते आणि फोटोंकडे न बघता माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. आपलं घर उघडं आहे आणि आत लोक फिरताहेत हे रस्त्यावरून दिसलेल्या माणसाचं तोंड असेल तसं ते होतं.

डॉक्टरांना सावरायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "मी म्हणतच होतो, लिफ्टसाहेबांच्यात काहीतरी आहे." आणि खिशातून काळे काटकोन काढून त्यांनी तिथल्या तिथे काचेवर ठेवले. "फक्त हा दोर नको होता, वहिनी. तेवढा काढला की बघा." लोक बघत होते आणि माना डोलवत होते. ह्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "हे माझ्या कामाच्या ठिकाणचे आहेत. धन्यवाद." ते बरोबर दोनच शब्द नव्हते, पण मंडळाच्या इतिहासात ते सर्वांत छोटं भाषण असावं.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, मोजे बुटांत घातले. मीच म्हटलं, "बोला काय ते."

"तू रोज साठ माणसांच्या आत बघतेस. आधी सांगतेस ना त्यांना?"

"सांगते."

"मग झालं," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी बंद दारातून त्यांना ऐकवलं की बक्षीस मिळालं, नाव झालं, त्या दातवाल्याचे दात घशात गेले, आता तरी खूश व्हा. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, दोन दिवस रुसतील आणि येतील ताळ्यावर.

पेपरात आलं. डब्याच्या छतावर टॉर्च घेऊन उभे असलेले हे, आणि खाली 'मुलगी झाली'. पुढच्या सभेत सतरा जणांनी लिफ्टच्या पोकळीत जाण्याची परवानगी मागितली. ह्यांनी साफ नाही म्हटलं. तिथे पाय घसरला तर उचलायलाही काही उरत नाही. पण डॉक्टर कुठले ऐकतात? त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट बदलायचं काम चाललं होतं, डबा काढून ठेवला होता. तळाच्या खड्ड्यात खुर्च्या टाकून मंडळाची सहल झाली. आत बघतात तर भिंतीला गुळगुळीत गिलावा, लिहिलेलं एक अक्षर नाही. मग काय करतात? सूर्योदयाच्या फोटोंसाठी प्रसिद्ध असलेल्या एक बाई आहेत, त्यांनी स्वतः कोळसा घेऊन 'आई, मी परत येईन' असं लिहिलं, आणि त्याचा फोटो काढताना त्यांना रडू आलं. स्वतःच लिहिलेलं वाचून. त्या वर्षीचे बाकीचे सोळा फोटोही त्याच आईचे.

हे ऐकून मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मंडळाचं काय, येरे माझ्या मागल्या, वर्षभरात दुसरं काही शोधून काढतील, असं मी म्हटलं.

मंडळाचं खरंच काही नव्हतं. झालं ते भलतीकडेच. दोन-तीन महिन्यांनी हे जेवताना म्हणाले, "आज एका ठिकाणी 'मुलगी झाली' होतं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये."

"अरे वा, अजून एक?"

"गेल्या वर्षी त्याच भिंतीवर नव्हतं."

त्यांनी तिथल्या मेकॅनिकला विचारलं होतं. तो लाजला. लिफ्टची देखभाल करणारी ही माणसं ह्यांना वर्षानुवर्षं ओळखतात, तपासणीच्या आदल्या दिवशी कुलपं पुसून ठेवतात, ग्रीस लावून ठेवतात. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला आवडतं म्हणून लिहिलं. पेपरात वाचलं ना आम्ही. आमच्याही लिफ्टचा फोटो यावा." ह्यांनी विचारलं, मुलगी झाली का खरंच? "नाही साहेब, मला दोन मुलगेच आहेत. पण ते चांगलं वाटत होतं."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"फोटो काढला. एवढ्या प्रेमाने लिहिलेलं, त्याला काय बोलणार?"

ती माणसं एकमेकांना फोन करतात. साहेब येणार म्हटलं की कुलपं पुसायची आणि भिंतीवर काहीतरी लिहायचं, अशी पद्धतच पडली. हुशार होते ते वरून धूळ चोळायचे, ग्रीसचा हात फिरवायचे, दहा वर्षं मागची तारीख टाकायचे. कुणी आईला आजारी पाडायचं, कुणी सुट्टी मागायचं, कुणी कोंबड्या काढायचं. ह्यांनी एकदोघांना सांगून बघितलं की लिहू नका, तर त्यांना वाटलं साहेबांना नीट आवडलेलं नाही, आणि त्यांनी पुढच्या वेळी जास्त मेहनत घेतली. सगळेच लिहीत होते असंही नाही, हीच तर अडचण होती. खरं सापडतही असणार. मी पूर्वीसारखं विचारायची, "आज काही दिसलं का?" ते म्हणायचे, "होतं काहीतरी. असेल." पुढे पुढे मी विचारायचं सोडलं. मला ते 'असेल' ऐकवत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं होतं, फक्त हात मी दुसऱ्याचा दाखवला होता.

परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. "अगं, जरा इकडे ये." संगणकावर गेल्या वर्षभरातले फोटो होते. एकतीस.

"बस," ते म्हणाले. "तुला हाडातली केसाएवढी चीर दिसते. तुमच्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटते ती तू दाखवतेस. मला यातलं खरं-खोटं सांग. मला कळेनासं झालंय. खोटे काढून टाकतो. खरे चार निघाले तरी चालतील, ते चार माझे."

मी चष्मा पुसला आणि बसले. जुनं मोडलेलं हाड ओळखता येतं, त्याच्या कडा भरून येऊन गोल होतात, नव्या मोडीच्या कडा धारदार असतात. भिंतीला असलं काही होत नाही. मी फोटो मोठा करून बघितला, कोरलेल्या खाचेत धूळ किती ते बघितलं, पेन्सिल कुठे दाबली ते बघितलं. मला काहीही कळत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण ते खुर्चीच्या कडेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. रिपोर्टची वाट बघणारी माणसं बाहेरच्या बाकावर तशी बसतात. आणि मी त्यांचं जे घेतलं होतं त्याच्या बदल्यात माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

"खरा," मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला आणि दुसरा उघडला.

"हाही खरा."

तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाला मी थोडा वेळ घेतला, म्हणजे बघितल्यासारखं वाटावं. त्यांचे खांदे सैल झाले होते. सहाव्यालाही खरा म्हटल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "सगळेच?"

सगळेच खरे म्हटले असते तर एकावरही त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांनी सातवा उघडला. एका लोखंडी पट्टीच्या खाली, जिथे मान वाकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'आज एकटाच होतो. काम झालं.'

"हा खोटा," मी म्हणाले.

"कशावरून?"

"अक्षर मुद्दाम वाकडं काढलंय." हे मी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले. त्या आवाजाला कुणी उलट विचारत नाही.

त्यांनी फोटो परत मोठा करून बघितला. "मला हाच सगळ्यांत खरा वाटला होता," ते म्हणाले आणि त्यांनी तो पुसून टाकला. मग आठवा उघडला आणि माझ्याकडे बघितलं.